उन्हाळ्यात बरी असलेली बाई

१

दम्याचा पंप सापडला कचऱ्याच्या डब्यात, आणि तो जवळजवळ भरलेला होता.

सापडला तो लेकीला. आई जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. भावाच्या घरी आवराआवर करायला ती आली होती. डबा रिकामा करताना बटाट्याच्या सालांखाली निळं काहीतरी दिसलं. तिनं ते उचललं, हलवून बघितलं, आणि ओट्याशी उभ्या असलेल्या वहिनीकडे वळली.

"वहिनी, आई श्वासासाठी तडफडत गेली. आणि हा पंप भरलेला कसा?"

वहिनी म्हणाली, "आईच घेत नव्हत्या तो."

एवढं एकच वाक्य. त्या वाक्यावर पुढचे तीन महिने ते घर धुमसत राहिलं. लेकीनं तक्रार केली की वहिनीनं आईचं औषध दाबून ठेवलं, बहुधा वरून जेवणात काही घातलंही. तक्रारीखाली तिच्या सहीसोबत भावाचीही सही होती. शेजारच्यांनी वहिनीशी बोलणं टाकलं. नवरा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला.

तपास करणारा अधिकारी भला माणूस होता, पण फुप्फुसांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तो सरकारी दवाखान्यात छातीच्या विभागात आला. म्हातारी शेवटी तिथंच गेली होती. विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई साठीला टेकलेल्या, कोरड्या बोलण्याच्या. वॉर्डात त्यांना मागे 'खडूस बाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती.

"बाई, ही केस आठवते?"

"आठवते. टेलिफोन ऑपरेटर होती पूर्वी. आल्या आल्या मला म्हणाली, अर्ध्या शहराला माझा आवाज ओळखीचा होता. आणि ते एक वाक्य पुरं करायला तिला मध्ये चारदा थांबावं लागलं."

"दमाच ना?"

"नाही. दमा नव्हताच. दम्याची छाती शिट्टी वाजवते. हिच्या पाठीला कान लावला तर चिकटपट्टी हळूहळू सोडवल्यासारखा आवाज येत होता, दोन्हीकडे, अगदी तळाशी. नखं फुगीर झाली होती. स्कॅन काढला तर फुप्फुसं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, नुसते व्रण. ते एका रात्रीत होत नाही. वर्ष-दोन वर्षं काहीतरी त्या बाईची फुप्फुसं पोखरत होतं. काय, ते शोधायला तिनं मला वेळ दिला नाही."

अधिकाऱ्यानं घसा साफ केला. "स्पष्टच विचारतो. विष असू शकतं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असू शकतं. पण पोटातून गेलेलं नाही. श्वासातून गेलेलं."

२

दुसऱ्या दिवशी लेक स्वतःच आली. चष्म्याचं दुकान चालवणारी, नीटनेटकी, चाळिशीतली बाई. बसताना तिनं खुर्ची जरा पुढे ओढली, भांडायला बसावं तशी.

"माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण मी रोज आईशी फोनवर बोलत होते. तिचा श्वास मला ऐकू यायचा. सुरुवातीला ती सगळी गोष्ट एका दमात सांगायची. मग वाक्य तुटायला लागलं. शेवटी शेवटी नुसतं हो आणि नाही."

बोलता बोलता तिला खोकला आला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. तिनं पाण्याचा घोट घेतला. "रडून रडून घसा गेलाय. तुम्ही एक गोष्ट सांगा मला. आई तीनदा दवाखान्यात दाखल झाली. दरवेळी ताप, खोकला, धाप. दरवेळी म्हणाले न्यूमोनिया. दरवेळी चार-पाच दिवसांत टवटवीत. आणि घरी गेली की पुन्हा तेच. घरात काय होतं असं? घरात वहिनी होती."

समोरच्या बाईचा आवाज डॉक्टरीणबाईंना आवडला नव्हता, पण मुद्दा बिनतोड होता. त्या तीनही वेळच्या डॉक्टरांनी श्रेय आपल्या इंजेक्शनांना दिलं असणार. दवाखान्यात येऊन बाई बरी होते याचं कारण दवाखान्यात काय आहे यात शोधायचं, की घरी जे आहे ते इथं नाही यात शोधायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"तुमचं वहिनीशी पूर्वीपासून वाकडं?"

"तिचं माझ्याशी. मी आईला काही दिलं की तिच्या पोटात दुखायचं. आत्ताही बघा, आईच्या सामानातलं मी काय घेतलं? तिचा रेडिओ, तिचं अंथरूण-पांघरूण आणि एक फोटो. त्यावरही तोंड वाकडं केलं तिनं."

ती उठली. दारात पुन्हा खोकली.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी अधिकाऱ्याला फोन केला. "लेक खरं बोलतेय. घरातच काहीतरी आहे. मला ते घर बघायचंय."

"म्हणजे सून..."

"मी घर म्हटलं."

३

त्या घरी जाण्याआधी वाटेत म्हातारीच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना लागला. बाहेरची बाकं भरलेली. डॉक्टर गोल चेहऱ्याचे, लोकप्रिय गृहस्थ. त्यांनी चहा मागवला.

"दमाच होता बाई. वय, धाप, खोकला. दुसरं काय असणार?"

"पंपानं आराम पडत होता?"

"तसा... फारसा नाही. म्हणून डोस वाढवला."

"दमा पंपाला दाद देतो. नाही दिली तर डोस वाढवण्याआधी दम्यावरच संशय घ्यावा. क्षयाची तपासणी केलीत?"

"केली. थुंकी स्वच्छ. हृदयही बघितलं, पायाला सूज नाही. सिगारेट नाही, चुलीचा धूर नाही. मग दमाच उरला की."

"पाठीला कान लावला होता?"

डॉक्टरांनी बाहेरच्या बाकांकडे बघितलं. "इथली गर्दी बघताय ना तुम्ही?"

"बघतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चहा न पिता उठल्या.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेनं उघडलं. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. रोज चौकशीला तोंड देऊन माणूस जसा सपाट होतो तशी ती झाली होती.

"बघा सगळं," ती म्हणाली. "आधी येऊन गेले त्यांनी तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घातले."

डॉक्टरीणबाईंनी तांदळाकडे बघितलंही नाही. त्यांनी खिडक्या उघडून बाहेर पाहिलं. कबुतरं नव्हती, खुराडं नव्हतं. भिंतींना हात लावला. कोरड्या ठणठणीत. न्हाणीघरात बुरशीचा ठिपका नाही. कूलर नाही. पोपट, कोंबड्या कधी पाळल्या नव्हत्या. मग एका दाराशी त्या थांबल्या. आत शिवणयंत्र होतं, कापडाचे गठ्ठे होते, आणि जमिनीवर बारीक तंतूंचा थर. शेजारचीच खोली म्हातारीची.

"हे तुमचं?"

"हो. आधी दुकानात जात होते शिवायला. आईंची तब्येत बिघडल्यावर काम घरी आणलं."

डॉक्टरीणबाईंनी वाकून एक तंतू बोटावर घेतला. सून बघत राहिली. "यानं झालं का त्यांना?" तिनं विचारलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला.

४

"पंप का फेकलात?" डॉक्टरीणबाईंनी उलट विचारलं.

"आई गेल्यावर त्यांची औषधं टाकून दिली, त्यात गेला. भरलेला होता, कारण त्या घ्यायच्याच नाहीत. म्हणायच्या, नुसती तोंडाला चव येते, श्वास काही येत नाही. मी हे वन्संना सांगितलं होतं. ह्यांनाही सांगितलं. कुणाला ऐकायचं नव्हतं."

"सकाळी उठल्यावर कशा असायच्या?"

"सकाळच वाईट. अंग मोडलेलं, कणकण, खोकला. मी अंथरूण आवरून त्यांना बाहेरच्या खोलीत आणून बसवायचे. दुपारपर्यंत जरा माणसात यायच्या."

"बारा महिने असंच?"

सून विचारात पडली. "नाही. उन्हाळ्यात बऱ्या होत्या. पुष्कळ बऱ्या. एकदा तर जिना उतरून खाली गप्पा मारायला गेल्या. मला वाटलं, गेलं दुखणं."

"आणि यंत्र? उन्हाळ्यात यंत्र बंद होतं?"

"उन्हाळ्यात तर जास्त काम असतं."

डॉक्टरीणबाईंनी बोटावरचा तंतू झटकून टाकला. "मग हे नाही. सुटलात तुम्ही."

सुनेनं भिंतीला पाठ टेकली. सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

मग डॉक्टरीणबाई म्हातारीच्या खोलीत गेल्या. खाट होती आणि खाटेवर उघडी गादी. गादी कापसाची, जुनी. त्यांनी उशीच्या जागी नाक नेऊन वास घेतला. काही नाही. कपाट, खुर्ची, औषधांचा रिकामा खण. ज्या खोलीत एक बाई दोन वर्षं विष श्वासात घेत होती, त्या खोलीत आता विषाचा मागमूस नव्हता.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. लिफ्ट दुरुस्त करणारा, हातांवर ग्रीस. बायकोकडे न बघता तो डॉक्टरीणबाईंशी बोलायला लागला.

"उन्हाळा संपल्यावर घरात काय बदललं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. थंडी सुरू झाली तेव्हा माझी बहीण, छोटी, राहायला आली होती. तिनंच आईचं सगळं केलं त्या दिवसांत. ती गेल्यावर आई पुन्हा आजारी पडली."

"ती असताना घरात काही झालं?"

"झालं काय? बायकांचं नेहमीचं. पांघरुणावरून काहीतरी वाजलं दोघींचं. मी लक्ष घातलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे बघितलं. ती खाली बघत होती, आणि नवऱ्यासमोर त्यांनी तिला पुढे काही विचारलं नाही. जिना उतरताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. खोलीतून विष गेलं असेल, तर कुणीतरी ते उचलून नेलं असणार.

५

पुढच्या सोमवारी लेक पुन्हा आली. अहवालाचं काय झालं ते विचारायला. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं.

"तुम्ही त्या घरी गेलात म्हणे. काय मिळालं?"

"काही नाही. तुमचा खोकला वाढलाय."

"माझं सोडा."

"सकाळी जास्त असतो?"

लेक चपापली. "हो. अंगही दुखतं. दुपारी बरं वाटतं. पण मधे आठवडाभर बाहेरगावी प्रदर्शनाला गेले होते, तिथं अगदी ठीक होते. घरी आले की आईची आठवण येते, तेच असणार."

डॉक्टरीणबाई उठल्या. "पाठ करा."

"मी तपासायला आलेली नाही."

"पाठ करा," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि तो आवाज असा होता की लेकीनं मुकाट्यानं पाठ केली.

"मोठा श्वास घ्या. सोडा. घ्या."

वर सगळं स्वच्छ होतं. त्या खाली सरकल्या. आणि तळाशी, अगदी बारीक, त्यांना तो आवाज ऐकू आला. चिकटपट्टी सुटल्यासारखा. हाच आवाज त्यांनी हिच्या आईच्या पाठीत ऐकला होता.

त्या खुर्चीत येऊन बसल्या. जी बाई त्या घरात राहत नाही, तिथलं पाणीही पीत नाही, जिच्या जवळपासही वहिनी फिरकत नाही, तिला आईचंच दुखणं लागलं होतं. हे दुखणं माणसाकडून माणसाला लागत नाही. म्हणजे या घरातून त्या घरात एखादी वस्तू गेली होती.

"आईचा रेडिओ तुम्ही नेलात," त्या सावकाश म्हणाल्या. "फोटो नेलात. आणि पांघरूण. पांघरूण कसलं होतं?"

"दुलई. पिसांची. एकदम हलकी, ऊबदार. मीच दिली होती तिला वाढदिवसाला, दोन वर्षांपूर्वी. उशीही तशीच." तिनं डोळे पुसले. "रोज तीच घेऊन झोपते मी. आईचा वास येतो तिला."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडून नजर वळवली.

"उद्या भावाला आणि वहिनीला घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि आज रात्री ती दुलई घेऊ नका. उशीही नको."

"का?"

"उद्या सांगते."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं आले. अधिकारीही आला आणि दाराशी उभा राहिला. लेक आणि मुलगा शेजारी बसले. सून एक खुर्ची सोडून.

डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "पक्ष्यांच्या पिसांची बारीक धूळ असते. शिवणीतून ती बाहेर येते. बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या फुप्फुसांना ती सहन होत नाही, ती सुजतात. कधी न्यूमोनियासारखं वाटतं, कधी दम्यासारखं. पिसं दूर केली तर सूज उतरते. नाही केली तर व्रण होतात, आणि व्रण परत जात नाहीत. तुमच्या आईला ते झालं. तुम्हाला," त्या लेकीकडे वळल्या, "आत्ता सुरुवात आहे. रक्ताची तपासणी आणि स्कॅन करून खात्री करू, पण मला शंका नाही. दवाखान्यात तुमची आई बरी व्हायची, कारण तिथं तिला दवाखान्याची साधी घोंगडी मिळायची."

मुलानं वळून बहिणीकडे बघितलं.

"एकच गाठ सुटत नव्हती. उन्हाळ्यात ती घरीच होती, तरी बरी कशी?" त्यांनी सुनेकडे बघितलं. "ते तुम्हीच सांगा."

सून मांडीवर हात ठेवून बसली होती. "उकडतं म्हणून मी दुलई आणि उशी पिशवीत घालून माळ्यावर टाकली. थंडी आली तेव्हाही काढली नाही, धुवायला त्रासाची म्हणून. त्यांना जुनं ब्लँकेट दिलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. मग वन्सं आल्या."

लेकीचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"काय म्हणाल्या, ते सांगू का मी?" सुनेनं विचारलं. "की तुम्ही सांगता?"

लेक हलली नाही.

"म्हणाल्या, माझी दुलई कुठं लपवलीस. स्वतःसाठी ठेवलीस. आईला फाटक्या ब्लँकेटवर ठेवलंस. स्वतः माळ्यावर चढून काढली आणि आईंना घातली. आणि ह्यांना बजावलं, दुलई अंगावर आहे की नाही ते रोज झोपताना बघायचं. हे रोज बघायचे. सरकली असली तर गळ्यापर्यंत ओढून द्यायचे."

मुलानं ग्रीस न निघालेल्या हातांत तोंड लपवलं.

"मला माहीत नव्हतं," लेक म्हणाली. आवाज इतका बारीक की दारातल्या अधिकाऱ्याला तो ऐकू गेला नसेल. "वहिनी, मला माहीत नव्हतं ना."

"मलाही नव्हतं," सून म्हणाली. "मला कुठं काय माहीत होतं? पण मी तुमच्यावर तक्रार केली नाही."

लेक वाकली आणि रडायला लागली. मग रडण्यात खोकला आला आणि तिला श्वास पुरेना. मुलगा उठला, तिच्या पायाशी बसला, तिची पाठ चोळायला लागला. "छोटे, तुझा काय दोष, तू प्रेमानं दिलीस," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं. सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

सून उठली, खुर्ची सरळ केली आणि बाहेर पडली. डॉक्टरीणबाई मागोमाग गेल्या तोवर मुलानंही तिला व्हरांड्यात गाठलं होतं.

"अगं, थांब. घरी जाऊ आपण. संपलं आता सगळं."

"तुमची सही होती त्यावर," सून म्हणाली.

"छोटी म्हणाली म्हणून... मी कोसळलो होतो गं. आई गेली होती."

"आईंना तिन्ही वेळा दवाखान्यात कोणी नेलं? त्यांचं अंग कोण पुसत होतं? तुम्हाला दिसत होतं ते. मला एकदा विचारायचं होतं, तू केलंस का असं. मी नाही म्हणाले असते. तुम्ही विचारलंसुद्धा नाही."

तो उभाच राहिला. ती जिना उतरून गेली. वरून डॉक्टरीणबाईंना ती रस्त्यावर दिसली. घर उजवीकडे होतं. ती डावीकडे वळली, आपल्या बहिणीच्या घराच्या दिशेनं, हातात नुसती पर्स घेऊन.

अधिकाऱ्यानं प्रकरण तिथंच बंद केलं. गुन्हा नव्हताच, तर गुन्हेगार कुठून आणणार? जाता जाता तो म्हणाला, "बरं झालं बाई, तिच्यावरचा डाग तरी गेला." डाग ज्यांनी लावला होता ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसून एकमेकांचे डोळे पुसत होते.

लेकीला गोळ्या सुरू झाल्या. दुलई आणि उशी जाळली. ती न चुकता तपासणीला येत राहिली. दरवेळी वजन थोडं कमी, बोलणं थोडं कमी. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीला कान लावला, वरपासून खालपर्यंत, दोन्हीकडे. तळाशी आता काही नव्हतं. श्वास सरळ आत जात होता आणि बाहेर येत होता.

"वहिनी फोन उचलत नाही," लेक पाठमोरी असतानाच म्हणाली. "दादा तिच्या बहिणीकडे जाऊन आला. दार उघडलं नाही. तुमच्याकडे आली होती का कधी?"

"नाही."

"आली तर सांगाल का, की मी..." तिचं वाक्य तिथंच थांबलं. श्वास पुरेसा होता. पुढे काय म्हणायचं तेच तिला सापडेना.

"कपडे नीट करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही पूर्ण बऱ्या झालात. आता यायची गरज नाही."

लेक वळली. इतक्या वर्षांत ही बातमी डॉक्टरीणबाईंनी हजारो माणसांना दिली होती. कुणी हसलं होतं, कुणी पाया पडलं होतं. ही बाई मात्र शिक्षा ऐकल्यासारखी बसून राहिली, आणि दाराबाहेर पुढचा रोगी खोकायला लागला तरी उठली नाही.